एवढ्याशा वेल्समधून एवढे आवाज कसे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: टॉम जोन्स, शर्ली बॅसी आणि बॉनी टायलर हे तिघेही वेल्सचे, हे नुकतंच कळलं. जेमतेम ३१ लाख वस्तीच्या देशातून असे गायक कसे निघाले, त्यांच्याखेरीज आणखी कोण आहेत, आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी?

मी पाश्चात्त्य गायन शिकवते आणि कॉयर, म्हणजे समूहगायनाचे वृंद, बसवते. त्यामुळे माझं उत्तर गळ्याच्या अंगाने येणार, हे आधीच सांगते. कुणाच्या किती रेकॉर्ड खपल्या यापेक्षा तो आवाज तयार कुठे झाला, यात मला जास्त रस आहे.

वेल्श माणूस उपजतच गाणारा असतो, असं ब्रिटनमध्ये सर्रास म्हटलं जातं. वेल्श लोकांनाही ते ऐकायला आवडतं. मला ते पटत नाही. तिथे दीडेकशे वर्षं लोकांना गाणं शिकवण्याची, ते चारचौघांत म्हणायला लावण्याची आणि वर त्याला गुण देण्याची पक्की घडी बसलेली होती. चॅपल, आयस्टेद्वॉड नावाच्या स्पर्धा आणि कामगारांचे क्लब ही त्यातली तीन मोठी ठिकाणं. ही घडी समजली की टॉम जोन्सचा आवाज असा का, ते आपोआप उलगडतं.

चॅपलपासून सुरू करू. अठराव्या शतकातल्या मेथडिस्ट चळवळीनंतर वेल्समध्ये चर्च ऑफ इंग्लंडपासून फुटून निघालेल्या पंथांची चॅपलं गावोगाव उभी राहिली. इमारत साधी, विधी थोडे, प्रवचन वेल्श भाषेत आणि गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं. १८५९ मध्ये जॉन रॉबर्ट्स यांनी सामूहिक गायनासाठी चालींचा संग्रह काढला आणि चार आवाजांत स्तोत्रं म्हणण्याची पद्धत झपाट्याने रुजली. यातूनच ‘कमान्वा गानी’ हे स्तोत्रगायनाचे मेळावे आले. त्यांची बैठक बघण्यासारखी असते. सोप्रानो (बायकांचा उंच आवाज) एका बाजूला, आल्टो (बायकांचा खालचा) दुसऱ्या, टेनर आणि बास (पुरुषांचे उंच आणि खालचा आवाज) आपापल्या जागी, समोर कंडक्टर. प्रेक्षक असे कुणी नसतातच, कारण आलेला प्रत्येक जण गायलाच आलेला असतो. एखादं कडवं रंगलं की कंडक्टर ते पुन्हा घ्यायला लावतो, मग पुन्हा, आणि प्रत्येक फेरीला आवाज चढत जातो. बारा वर्षांचा मुलगा तिथे बासवाल्यांच्या शेजारी बसून हार्मनी कानात साठवत असतो. त्याला ती वेगळी शिकवावी लागत नाही.

पण खाणीत किंवा दगडाच्या क्वारीत राबणाऱ्या लोकांना चार आवाजांचं संगीत वाचता कसं आलं? इथे टॉनिक सोल-फा कामाला आलं. सेरा ग्लोव्हर यांनी मांडलेल्या आणि जॉन कर्वेन यांनी विस्तारलेल्या या लिपीत पाच रेघांचा स्टाफ नसतो. ‘दो, रे, मी’ची आद्याक्षरं ओळीत लिहायची, कालमापनासाठी ठिपके आणि उभ्या रेघा. ‘दो’ कुठल्याही पट्टीत धरता येतो, म्हणजे आपल्या षड्जासारखाच तो सरकता. छपाई स्वस्त, शिकायला सोपं. संध्याकाळच्या वर्गांत लोक हे शिकत आणि सरळ हँडेलची ऑरेटोरिओ, म्हणजे धार्मिक विषयांवरच्या मोठ्या गायनरचना, बसवायला घेत. माझ्याकडे हिंदुस्तानी संगीत शिकून आलेल्या विद्यार्थ्यांना मी स्टाफच्या आधी सोल-फाच देते. सरगमची सवय असलेल्याला ते पटकन उमगतं.

याचा भारताशी सरळ संबंधही आहे. वेल्श मिशनरी टॉमस जोन्स १८४१ मध्ये खासी टेकड्यांत चेरापुंजीला, म्हणजे सोहराला, पोहोचले. नंतर वेल्श मिशन मिझोरामपर्यंत गेलं. मिझो चर्चमध्ये सोल-फाच्या अक्षरांतली स्तोत्रपुस्तकं आजही हातात दिसतात, आणि खासींचं ‘री खासी’ हे गीत वेल्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवर म्हटलं जातं. ईशान्य भारतातल्या कॉयर इतक्या सुरात का गातात असं विचारणाऱ्यांना मी हा धागा नेहमी दाखवते. वेल्श गायक गॅरेथ बोनेलो यांनी खासी कलाकारांना सोबत घेऊन २०२१ मध्ये एक आल्बमही केला आहे. तो जरूर ऐका.

दुसरं ठिकाण आयस्टेद्वॉड. काव्य आणि संगीताच्या या स्पर्धेची पहिली नोंद ११७६ सालची, कार्डिगनच्या किल्ल्यातली. लॉर्ड रीस यांनी भरवलेली. आजचं राष्ट्रीय आयस्टेद्वॉड दर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भरतं, एक वर्ष उत्तरेत आणि एक वर्ष दक्षिणेत, आणि १९५० पासून तिथला सगळा कारभार फक्त वेल्श भाषेत चालतो. पण खरी जडणघडण होते ती शाळा आणि गावपातळीवरच्या स्पर्धांत. ठरावीक गाणं पाठ करायचं, एकट्याने मंचावर जायचं, परीक्षकांचे शेरे सगळ्यांसमोर ऐकायचे. ऑपेरातला मोठा बास-बॅरिटोन (खालच्या पट्टीतला पुरुष आवाज) ब्रिन टेर्फल याच वाटेने आला. लांगॉथ्लेन या गावात १९४७ पासून आंतरराष्ट्रीय आयस्टेद्वॉडही भरतं. १९५५ मध्ये तिथे इटलीतल्या मोदेनाच्या एका कॉयरने पहिला क्रमांक मिळवला आणि त्या कॉयरमध्ये वडिलांच्या शेजारी उभा होता तरुण लुचानो पाव्हारॉती.

तिसरं ठिकाण कामगारांचे क्लब. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांत कोळशाच्या खाणी, त्यांच्याभोवती एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा, आणि प्रत्येक वस्तीत एक क्लब. आठवडाभर खाणीत काम केलेली माणसं शनिवारी बिअर पीत बसलेली. साउंड सिस्टिम यथातथाच. गप्पांच्या गलक्यावरून ज्याचा आवाज जाईल, त्याचंच गाणं ऐकलं जाणार. टॉम जोन्स घडला तो इथे.

त्याचं खरं नाव टॉमस वुडवर्ड. जन्म ७ जून १९४०, पॉन्टिप्रीद गावाला लागून असलेल्या ट्रेफॉरेस्टचा, वडील खाणकामगार. बाराव्या वर्षी क्षयाने गाठलं आणि जवळजवळ दोन वर्षं तो अंथरुणात होता. त्या काळात रेडिओवर अमेरिकन ब्लूज आणि रॉक अँड रोल ऐकणं हाच त्याचा विरंगुळा. पुढे क्लबात गाताना त्याला गॉर्डन मिल्स हा मॅनेजर भेटला. मिल्स वाढला ऱ्हॉन्डा खोऱ्यात, पण जन्मला मद्रासमध्ये. मद्रासमध्येच जन्मलेल्या एंगलबर्ट हम्परडिंक या गायकालाही पुढे यानेच वर आणलं. ‘इट्स नॉट अनयूजवल’ हे गाणं मिल्स आणि लेस रीड यांनी मिळून लिहिलं होतं, मनात होती गायिका सँडी शॉ. तिने ते नाकारलं, जोन्सने म्हटलं आणि १९६५ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

ते गाणं कान देऊन ऐका. ब्रास वाद्यांचा ताफा पूर्ण ताकदीने वाजत असताना त्याचा आवाज त्यांच्या मागे दबत नाही, कारण तो चेस्ट व्हॉइस, म्हणजे छातीतला भरदार आवाज, वरपर्यंत नेतो आणि स्वर उघडा ठेवतो. त्याचा ‘आ’ कधीच आक्रसत नाही. चॅपलमध्ये मोठ्याने गाणाऱ्यांची ही सवय, त्यावर त्याने ब्लूजचा लहेजा चढवला. त्याच वर्षी जेम्स बाँडच्या ‘थंडरबॉल’चं शीर्षकगीत म्हणताना शेवटचा वरचा स्वर त्याने इतका लांब धरला की डोळे उघडले तेव्हा खोली फिरत होती, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. विद्यार्थ्यांनी याचं अनुकरण करू नये. पण श्वास किती खोल घेता येतो याचा तो नमुना आहे. १९६६ मध्ये ‘ग्रीन, ग्रीन ग्रास ऑफ होम’, १९८८ मध्ये आर्ट ऑफ नॉइझ या बँडबरोबर ‘किस’, १९९९ मध्ये तरुण वेल्श कलाकारांना सोबत घेऊन केलेला ‘रीलोड’ आणि २०२१ मध्ये, ऐंशी वर्षांचा असताना, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला ‘सराउंडेड बाय टाइम’. १९६५ आणि २०२१ ही दोन टोकं लागोपाठ ऐकली तर वय वाढताना बॅरिटोन कसा खाली उतरतो आणि तरी त्याचे स्वर कसे उघडे राहतात, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट कळतं.

‘डिलायला’बद्दलही विचारलं जातं. १९६८ चं हे गाणं वेल्सच्या रग्बी सामन्यांत हजारो लोक म्हणत आले. त्यात एक पुरुष मत्सराच्या भरात बाईला मारतो. २०२३ मध्ये वेल्श रग्बी युनियनने स्टेडियममधल्या कॉयरना ते गाण्यास मनाई केली. मला तो निर्णय योग्य वाटतो. प्रेक्षकांना काय म्हणायचं ते म्हणू दे, पण संघटनेने बोलावलेल्या कॉयरने सामन्याआधी ते गाणं हे बरं दिसत नव्हतं.

आता शर्ली बॅसी. चॅपलच्या गोष्टीत तिला कोंबायचा मोह होतो, पण तिची वाट निराळी. ८ जानेवारी १९३७ चा जन्म, कार्डिफच्या गोदीलगतच्या टायगर बे वस्तीतला. वडील नायजेरियन, आई इंग्लंडच्या उत्तरेकडची. कार्डिफ हे त्या काळी कोळसा निर्यातीचं बंदर, त्यामुळे आफ्रिका, अरबस्तान, सोमालीलँड, कॅरिबियन अशा सगळीकडचे खलाशी तिथे वसलेले. शाळा लवकर सोडून ती कारखान्यात काम करायची आणि संध्याकाळी क्लबात गायची. १९५९ मध्ये ‘अ‍ॅज आय लव्ह यू’ पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६४ चं ‘गोल्डफिंगर’, १९७१ चं ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’, १९७९ चं ‘मूनरेकर’ ही तिन्ही बाँडगीतं तिचीच. बाँडपटांसाठी तीन शीर्षकगीतं गाणारी ती एकटीच.

तिच्या गाण्यात मी विद्यार्थ्यांना व्यंजनं ऐकायला लावते. बेल्ट करणारे, म्हणजे छातीतल्या आवाजात जोरकस गाणारे, बहुतेक जण स्वर ताणतात आणि शब्द सोडून देतात. बॅसी शब्दाचं पहिलं अक्षर आपटते, मधला स्वर हवा तेवढा लांबवते आणि शेवटचं व्यंजन नेमक्या मात्रेवर बंद करते. गाणं अभिनयाच्या अंगाने म्हणायचं म्हणजे काय, ते ‘गोल्डफिंगर’च्या पहिल्या ओळीतच दिसतं. १९९७ मध्ये प्रोपेलरहेड्सबरोबर केलेल्या ‘हिस्टरी रिपीटिंग’मध्ये इलेक्ट्रॉनिक ठेक्यावरही ती तेच करते आणि ते चपखल बसतं.

बॉनी टायलरचा आवाज तसाच जन्मला असावा असं अनेकांना वाटतं. तो तसा झाला. तिचं मूळ नाव गेनर हॉपकिन्स, जन्म १९५१, नीथजवळच्या स्क्युएनमधला. लहानपणी ती चॅपलमध्ये गायली. सतराव्या वर्षी एका स्थानिक स्पर्धेत तिने मेरी हॉपकिनचं ‘दोज वेअर द डेज’ म्हटलं आणि दुसरी आली. मेरी हॉपकिन शेजारच्याच पॉन्टारडावे गावची. १९६८ मध्ये पॉल मॅकार्टनीने तिला बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीकडून गायला लावलं होतं आणि ते गाणं जगभर गाजलं होतं. नीथ आणि स्वान्झीच्या खोऱ्यांत अशी एका गायिकेची गाणी गाऊन दुसरी पुढे येत होती.

१९७७ मध्ये बॉनी टायलरच्या स्वरतंतूंवर नोड्यूल आले. स्वरतंतू एकमेकांवर सतत जोरात आदळले की त्यांच्या मध्याजवळ घट्टे पडल्यासारखे उंचवटे येतात. मग तंतू पूर्ण मिटत नाहीत, हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो. शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे अजिबात बोलू नका असं डॉक्टरांनी बजावलं, आणि एका दिवशी वैतागून ती ओरडली. आवाजातला खरखरीतपणा कायमचा राहिला. त्यानंतर आलेलं ‘इट्स अ हार्टएक’ आणि १९८३ चं, जिम स्टाइनमनने लिहिलेलं ‘टोटल एक्लिप्स ऑफ द हार्ट’ याच आवाजात आहेत. हे दुसरं गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. २०१७ च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी तिने ते एका जहाजावर म्हटलं.

वर्गात दरवर्षी कुणीतरी ती खरखर आणायला घसा आवळतं. मी तिथल्या तिथे थांबवते. तिच्याकडून घ्यायचं ते वेगळं आहे. कडव्याच्या सुरुवातीला ती जवळपास बोलते, ठेक्याच्या किंचित मागे राहते, आणि वरच्या पट्टीत जाण्याआधी आवाज मुद्दाम बारीक करते. त्यामुळे चढण खरी आहे त्याहून मोठी वाटते. हे निरोगी गळ्यानेही करता येतं.

या तिघांच्या आसपासची बाकी नावं भराभर सांगते. रिकी व्हॅलन्स १९६० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. कार्डिफचा डेव्ह एडमंड्स १९७० मध्ये ‘आय हिअर यू नॉकिंग’ घेऊन आला. ते गाणं मॉनमथ गावाजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. वॉर्ड बंधूंनी शेतावर उभारलेला हा स्टुडिओ, कलाकारांना तिथेच राहून काम करता येईल असा. क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा भाग १९७५ मध्ये इथेच झाला. कार्डिफचाच शेकिन स्टीव्हन्स हा ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये सर्वाधिक सिंगल्स खपवणारा गायक. हेवी मेटल आवडत असेल तर बजी हा बँड ऐका. मेटॅलिकाने त्यांची गाणी स्वतः वाजवली.

बॅडफिंगरपाशी मात्र थांबायलाच हवं. स्वान्झीतल्या या बँडचा पीट हॅम हा त्या पिढीतला सगळ्यात नाजूक चाल बांधणारा माणूस होता असं माझं ठाम मत आहे. ‘विदाउट यू’ हे गाणं त्याने आणि लिव्हरपूलच्या टॉम एव्हान्सने मिळून लिहिलं. कडवं एकाचं, धृपद दुसऱ्याचं. हॅरी निल्सनने १९७२ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर नेलं, पुढे मराया कॅरीनेही गायलं. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशासाठी कार्यक्रम केला, त्यात ‘हिअर कम्स द सन’ला हॅरिसनबरोबर दुसरी गिटार पीट हॅमची होती. पैशांच्या व्यवहारात बँड पुरता नागवला गेला. १९७५ मध्ये हॅमने आणि १९८३ मध्ये एव्हान्सने आत्महत्या केली. मूळ ‘विदाउट यू’ निल्सनच्या मानाने साधं आहे, जवळजवळ कच्चं. मला तेच जास्त जवळचं वाटतं.

आणि जॉन केल. गार्नांट या खाणीच्या गावात १९४२ मध्ये जन्मलेला. आईची भाषा वेल्श, सात वर्षांचा होईपर्यंत त्याला इंग्रजी येत नव्हतं. व्हायोला शिकून तो १९६३ मध्ये अमेरिकेला गेला आणि संगीतकार ला माँट यंग यांच्याबरोबर तासन्‌तास एकच स्वर धरून ठेवणारं संगीत वाजवू लागला. तोच षड्जासारखा अखंड सूर त्याने व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडमध्ये आणला. ‘व्हीनस इन फर्स’मधला व्हायोला ऐका. यंग स्वतः पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. ज्या घराण्याने अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रूपाने मिरजेत मुक्काम केला, त्याच घराण्याचा सूर यंग यांनी जवळ केला, याचं मराठी श्रोत्याला अप्रूप वाटायला हवं.

आता १९९० नंतरचा काळ, आणि इथे माझी चॅपलची गोष्ट अपुरी पडते. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप फसला, खाणी बंद झाल्या, त्यांच्या मागोमाग क्लब आणि चॅपलं ओस पडू लागली. ब्लॅकवुडसारख्या गावात तेव्हा शाळकरी असलेल्या मुलांनी काढलेला बँड म्हणजे मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स. जेम्स डीन ब्रॅडफिल्ड, शॉन मूर, निकी वायर आणि रिची एडवर्ड्स. शब्द वायर आणि एडवर्ड्सचे, संगीत ब्रॅडफिल्ड आणि मूरचं. आधी शब्द, मग चाल. १९९४ च्या ‘द होली बायबल’मध्ये हे शब्द इतके दाटीवाटीचे आहेत की कुठलाही सुज्ञ संगीतकार ओळी कापायला लावील. ब्रॅडफिल्ड कापत नाही. तो आघात भलत्याच अक्षरावर टाकतो, एका श्वासात न मावणारी ओळ मधेच तोडतो, आणि या ओढाताणीतून गाण्याला एक घुसमट येते, जी त्या शब्दांना शोभते. गद्य गाऊ पाहणाऱ्या कुणीही हा आल्बम अभ्यासावा.

१ फेब्रुवारी १९९५ ला रिची एडवर्ड्स बेपत्ता झाला. २००८ मध्ये कायद्याने त्याला मृत मानण्यात आलं. उरलेल्या तिघांनी १९९६ मध्ये ‘एव्हरीथिंग मस्ट गो’ काढला. त्यातलं ‘अ डिझाइन फॉर लाइफ’ सुरू होतं ते वाचनालयांनी दिलेल्या बळाच्या उल्लेखाने. खाणकामगारांनी स्वतःच्या पगारातून वर्गणी काढून वाचनालयं आणि सभागृहं बांधली होती, त्या परंपरेची ती आठवण आहे. २००९ मध्ये कार्डिफच्या नव्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या उद्‌घाटनाला याच बँडला बोलावलं होतं. ब्रॅडफिल्डचा आवाज मात्र ऐकताक्षणी सांगतो की हा टॉम जोन्सच्याच मुलखातला: छातीतून वर नेलेला आणि गिटारच्या भिंतीवरूनही पोहोचणारा.

स्टिरिओफॉनिक्स कूमामन गावचे. केली जोन्सचे वडीलही क्लबात गाणारे. ‘वर्ड गेट्स अराउंड’ या १९९७ च्या पहिल्या आल्बममध्ये गावातल्या माणसांच्या कहाण्या आहेत. मला त्यांचं पुढचं काम यापुढे फिकं वाटतं, ‘डकोटा’ सोडून. कॅटाटोनिया या बँडच्या केरिस मॅथ्यूजने वेल्श उच्चार झाकायचे सोडले. ‘रोड रेज’मधला तिचा घोळवलेला ‘र’ ऐकल्यावर त्या काळच्या इंग्रजी पॉपमध्ये ही केवढी धिटाई होती ते कळेल. सप्टेंबर १९९७ मध्ये वेल्सने स्वतःच्या विधिमंडळाच्या बाजूने कौल दिला, अवघ्या ६,७२१ मतांच्या फरकाने. बँडांमुळे कौल लागला असं मी म्हणणार नाही, पण त्या वर्षांत वेल्श असण्याचा संकोच गेला, आणि त्यात या गाण्यांचा वाटा होता.

वेल्श भाषेतल्या गाण्याकडे वळते, कारण बाहेरच्या याद्यांत ते सहसा सुटतं. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणाऱ्यांचं प्रमाण १७.८ टक्के होतं. १९६९ मध्ये दाविद इवान आणि सहकाऱ्यांनी ‘साइन’ ही रेकॉर्ड कंपनी काढली, आणि वेल्श गाण्याला स्वतःचं घर मिळालं. जेरेंट जार्मनने कार्डिफमध्ये वेल्श शब्दांना रेगेचा ठेका दिला. दातब्लगी हा कार्डिगनचा बँड ऐंशीच्या दशकात स्वस्त कीबोर्डवर कडवट, हुशार गाणी करत होता. सुपर फरी अ‍ॅनिमल्स तर इंग्रजीत यशस्वी झाल्यावर २००० मध्ये ‘मुंग’ हा संपूर्ण वेल्श आल्बम घेऊन आले, तोही स्वतःच्या लेबलवरून. ब्रिटनच्या यादीत तो ११व्या क्रमांकावर गेला आणि संसदेत त्याची दखल घेतली गेली.

दाविद इवानचं ‘अमा ओ हीड’ हे १९८३ चं गाणं. ‘आम्ही अजून इथेच आहोत’ असा त्याचा आशय. रोमन सेनापती मॅक्सिमसने ३८३ मध्ये वेल्स सोडलं, त्याला १६०० वर्षं झाली हा त्याचा धागा. १९७९ च्या सार्वमतात स्वराज्याचा प्रस्ताव दणकून पडलेला असताना ते लिहिलं गेलं. २०२२ मध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता सामन्याआधी इवान स्वतः मैदानात उतरून ते गायला. वेल्स १९५८ नंतर प्रथमच विश्वचषकात पोहोचलं आणि हे त्यांचं अधिकृत गीत झालं. स्टेडियममधलं ध्वनिमुद्रण ऐका. मूळ रेकॉर्डपेक्षा तेच ऐकायचं, कारण धृपदाची रचनाच जमावासाठी आहे: पल्ला लहान, उड्या कमी, श्वासाला जागा.

राहिलेल्यांपैकी डफीचा २००८ चा ‘रॉकफेरी’, ब्रिजेंडचा बुलेट फॉर माय व्हॅलेंटाइन, न्यूपोर्टचा रेगे आणि मेटल मिसळणारा स्किन्ड्रेड, आणि शास्त्रीय बाजूला शार्लट चर्च व कॅथरिन जेन्किन्स ही नावं तुम्हाला सापडतीलच.

ऐकण्याचा क्रम विचारला आहे, तो असा घ्या. आधी पुरुषांची एखादी कॉयर, ट्रिऑर्की किंवा मॉरिस्टन ऑर्फियस, आणि ‘कुम ऱ्हॉन्डा’ हे स्तोत्र. १९०७ मध्ये पॉन्टिप्रीदजवळच्या चॅपलमध्ये गायलेली ही चाल आज रग्बीच्या मैदानावर घुमते. तिच्यातला बास कसा चढत जातो तिकडे लक्ष ठेवा. मग लगेच टॉम जोन्स, म्हणजे तो आवाज ओळखीचा वाटेल. त्यानंतर बॅसी, टायलर, बॅडफिंगर. मग एका बैठकीत ‘एव्हरीथिंग मस्ट गो’, आणि तो पचला की ‘द होली बायबल’. उलट क्रमाने गेलात तर वैतागून सोडून द्याल. शेवटी वेल्श भाषेतलं: ‘मुंग’, ग्वेनोचा ‘अ दीद ओलाव’ आणि कार्मार्दनच्या तीन मुलींचा बँड आदवाइथ, ज्यांना २०१९ आणि २०२२ मध्ये वेल्श म्युझिक प्राइझ मिळालं. भाषा कळत नाही म्हणून हे मागे ठेवू नका. पहिल्या दोन ऐकण्यांत फक्त आवाज ऐका, तिसऱ्या वेळी शब्दांचा अर्थ समोर ठेवा.